भिकाजीचे सकाळचे गाऱ्हाणे

धीट माणसांकडे किस्से कमी असतात, असा माझा अनुभव आहे. ती काम करतात आणि विसरून जातात. माझ्यासारखा काळजीखोर माणूस घडण्याआधी एकदा घाबरतो, घडताना घाबरतो आणि घडून गेल्यावर पुन्हा घाबरतो. त्यामुळे सगळे तपशिलासकट साचत जाते. मी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले, त्यातच डॉक्टरेट केली. उपयोग एवढाच झाला, की कुठल्याही गोष्टीतून काय काय वाईट निघू शकते, ते मला क्रमवार सांगता येते.

आमची मंडळी म्हणजे पेडण्याचे, जत्रेत नाटके करणारे जुने मंडळ. मी प्रॉम्प्टर. केरीचा भिकाजी नोकरीला फेरीबोटीवर आणि रंगमंचावर कायम राजा. संभाजी मूळचा कोल्हापूरकडचा, डिचोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला, आमचा खलनायक. आणि लतिका, माझी जुनी विद्यार्थिनी. मुळगावला राहते, शाळेत कॉम्प्युटर शिकवते. गुडघ्यांनी नाटके बंद पाडली, तसे आम्ही सोशल मीडियाच्या एका मोठ्या साइटवर भेटू लागलो.

* * *

भिकाजीची बायको गेली, मुलगी परदेशात. केरीत तो एकटा. एकदा त्याला ताप आला, तेव्हा त्याने साइटवर लिहिले, "उठाक जमणा नाय." मला ते दिसले तोवर तो बरा होऊन मासळी आणायला बाजारात गेला होता. मधल्या काळात त्या साइटने मला प्रेशर कुकर दाखवले, अनोळखी लोकांचे लग्न दाखवले, पोहणारे मांजर दाखवले. भिकाजीचा ताप काही तिला दाखवण्यासारखा वाटला नाही.

भिकाजीने मला एवढेच विचारले, "सगळ्यांक माझो राग इलो काय रे दत्तू?"

माझी झोप उडाली. आज ताप होता. उद्या हा न्हाणीत घसरून पडला आणि मी कुकरच बघत बसलो, तर? मी ठरवले, मंडळाने तिथून बाहेर पडायचे. आयुष्यात मी केलेले पुढारपण तेवढेच. आणि ते चुकले की काय, ही धास्ती तेव्हापासून आहे.

* * *

लतिकाने पर्याय सुचवला. छोटे छोटे सर्व्हर, ज्याचे त्याने चालवायचे, पण एकमेकांना जोडलेले. काय दाखवायचे, काय लपवायचे हे ठरवणारे वर कोणी नाही. जो जेव्हा लिहील, तेव्हा ते सगळ्यांना दिसणार.

मी मंडळाला विकेंद्रीकरण समजावून सांगितले. व्याख्येपासून सुरुवात केली. संभाजीने दोनदा जांभई दिली.

मग भिकाजी म्हणाला, "म्हणजे दर गावाचो देव वेगळो, देऊळ वेगळा, पण पालख्यो एकमेकांकडे येतत-जातत. तसाच मा?"

लतिका म्हणाली, "अगदी तसंच, भिकाजीकाका."

"आणि मालक कोण ओ ह्याचा?" संभाजीने विचारले.

"कोणीच नाही."

"मग भांडायचं कुणासंगं?"



* * *

सर्व्हर म्हणजे काहीतरी मोठे असेल, अशी माझी समजूत होती. मुळगावला जाऊन बघितले, तर लतिकाच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर पोळ्यांच्या डब्याएवढा एक डबा. मंडळाचे सगळे बोलणे त्यात. शेजारी लोणच्याची बरणी.

पहिले काही दिवस साइट रोज दुपारच्या आधी बंद पडे. लतिकाने छडा लावला. तिच्या सासूबाई हुमणासाठी, म्हणजे माशांच्या कालवणासाठी, खोबऱ्याचे वाटप करायला मिक्सर लावायच्या आणि त्यासाठी डब्याचा प्लग काढायच्या.

लतिकाने दुसरा प्लग बसवून घेतला. पण आमच्यात अजूनही कोणाचे उत्तर उशिरा आले, की दुसरा म्हणतो, "वाटप चाललं असेल."

* * *

एका संध्याकाळी संभाजीचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"सर, संपलं ओ."

मी चहाचा कप खाली ठेवला. "काय संपलं? कोण?"

"ही आपली साइट. सगळ्यांचं वाचत वाचत खाली गेलो, तर खाली काहीच न्हाई. त्या साइटीवर असं कधी झालं नव्हतं. आता काय करू?"

"जेवून घ्या," मी म्हणालो.

* * *

जुनी साइट मला मेल पाठवत राहिली की, तुमची आठवण येते. घरचे सोडून असे कोणी म्हटल्याला बरीच वर्षे झाली होती. एके दिवशी मी गेलो. केवळ निरीक्षणासाठी, असे स्वतःला सांगितले.

उघडल्याबरोबर कुकर आला. त्याच्याखाली संभाजीचे नाव, शेजारी हिरवा ठिपका. म्हणजे तोही त्याच क्षणी तिथे होता आणि त्याला माझा ठिपका दिसत असणार.

पुढच्या बैठकीत आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता पुष्कळ चहा घेतला.

* * *

मग एका लांबच्या सर्व्हरवरून आमच्याकडे घाणेरड्या जाहिराती येऊ लागल्या. लतिका म्हणाली, "त्या सर्व्हरशी संबंध तोडावे लागतील. पण मालक कोणी नाही, तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवा."

मी म्हणालो, तोडावे. मग म्हणालो, पण त्यात एखादा सज्जन असला तर? तासभर मीच दोन्ही बाजूंनी बोललो.

शेवटी भिकाजीने ते आपल्या गावच्या देवावर सोपवले. देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मंडळी हात जोडून बसली. आरती झाली, नैवेद्य झाला. दोन्ही पाकळ्या जागच्या हलेनात.

तेवढ्यात लतिकाचा निरोप आला, की जाहिराती वाढल्या म्हणून तिने तो सर्व्हर तोडून टाकला आहे.

भिकाजीने देवाला नमस्कार केला आणि म्हणाला, "देवान तिच्यावर सोडल्यान हा."

* * *

आमच्या या भागात शुभकार्याआधी गाऱ्हाणे घालतात. एकाने देवाला सांगायचे, बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायचे. केरीच्या देवळात हा मान भिकाजीचा. त्याने रोज सकाळी साइटवरही गाऱ्हाणे घालायला सुरुवात केली.

"बा देवा महाराजा, आज संभाजीच्या दाताचा ऑपरेशन असा, डॉक्टराच्या हाताक बरी बुद्धी दी."

खाली सगळ्यांचे "व्हय महाराजा." कुठल्यातरी थंड देशातला एक गृहस्थ फक्त शेवाळाचे फोटो टाकतो, तोसुद्धा रोज रोमन लिपीत "व्हय महाराजा" लिहू लागला. एकटा संभाजी नुसते "होय" लिहायचा. "आमच्याकडं तसं म्हणत न्हाईत."

मला मात्र त्या गाऱ्हाण्यात वेगळेच दिसायचे. ते आले, म्हणजे भिकाजी उठला. मी रोज त्याची वाट बघायचो आणि मगच दाढी करायचो.

* * *

एका सकाळी गाऱ्हाणे आले नाही.

फोनवर कालचे सगळे दिसत होते. आजचे काहीच नाही. भिकाजीला फोन लावला, तर लागेना. केरीत मोबाइल कधी पलीकडच्या राज्याची रेंज धरतो, कधी कुठलीच नाही. मी संभाजीला विचारले, "गाऱ्हाणं दिसलं?"

"न्हाई ओ. तुम्हालाच लावणार होतो."

दाढी न करताच मी त्याच्या गाडीत बसलो. वाटभर न्हाणी, ओली फरशी, एवढेच माझ्या डोळ्यांपुढे होते. आणि हेही, की त्या साइटवरून याला उठवून इथे आणणारा मी.

भिकाजीच्या दाराला बाहेरून कुलूप होते. त्यावरून निघणारा निष्कर्ष तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही काढील. मी दार ठोठावत राहिलो. संभाजी मागच्या बाजूने हाका मारत फिरला.

तेवढ्यात लतिकाचा फोन आला. "सर, मुळगावात पहाटेपासून वीज नाही. डबा बंद आहे. कोणाचंच कोणाला पोचत नाहीये. तुम्ही कुठे आहात?"

तिला उत्तर देणार, तर पाठोपाठ घरून बायकोचा फोन.

"अहो, भिकाजी भावोजी आलेत इथे. बसने आले. गाऱ्हाण्याला एकानेही व्हय म्हटलं नाही, म्हणून तुम्हाला काय झालं ते बघायला. चहा पण घेत नाहीत. थांबा, देते."

"दत्तू," भिकाजीचा श्वास फुलला होता. "जिवंत असस मा?"

"आहे."

"मगे खंय असस?"

"तुझ्या दारात. संभाजी पण आहे."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"इलासच असात," तो म्हणाला, "तर खळ्यात रातांब्याची सोलां सुकत घातलंय, ती परतून घाला. एका बाजून करपतली."

मी ते संभाजीला सांगितले आणि फोन स्पीकरवर टाकून पायरीवर ठेवला. संभाजी पँट दुमडून आधीच अंगणात त्या आमसुलांपाशी उकिडवा बसला होता. मीही बसलो. पायरीवरून भिकाजीचा देवळातला आवाज सुरू झाला, "बा देवा महाराजा, हे दोन म्हातारे उन्हात बसले हत..."

"व्हय महाराजा," संभाजी म्हणाला.