बाळाच्या पोटाचं माप

"काही खात नाही का तुम्ही?" माझ्या पोटावरून यंत्र फिरवता फिरवता सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी विचारलं. आठवा महिना सरत आला होता. मी तोंड उघडायच्या आत त्यांचा मोबाइल वाजला. पार्किंगवरून ते कुणाशी तरी भांडू लागले आणि भांडता भांडताच बाळ मोजत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "वाढ कमी आहे. बाळाच्या पोटाचं माप बरंच मागे आहे."

"डॉक्टर, माझी पाळी अनियमित होती. पहिल्या सोनोग्राफीत बाळंतपणाची तारीख पुढे ढकलली होती. तुम्ही कुठली धरलीत?"

"ते आमच्यावर सोडा. रिपोर्ट मॅडमना दाखवा."

मॅडम म्हणजे माझ्या नेहमीच्या डॉक्टर. त्यांनी रिपोर्ट चाळला आणि माझ्याशी नाही, शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याशी बोलल्या. "यांना नीट खायला घाला. दोन आठवड्यांनी परत बघू. वाढलं नाही तर काढावं लागेल."

काढावं लागेल. दाढ काढतात तसं.

तारखेचं मी तिथेही विचारलं. "इतकं गूगल करू नका हो," त्या हसून म्हणाल्या.

घरी सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांचा आणि तुपातल्या शिऱ्याचा मारा सुरू केला. "ऑफिस सोड म्हणत होते मी," हे प्रत्येक घासाबरोबर. मी उलटी होईपर्यंत खात होते. बाळ जरा वेळ हललं नाही की मी पोटावर हात ठेवून वाट बघत बसायचे. मग एकदा सासूबाईंबरोबर लिफ्टमध्ये असताना वरच्या मजल्यावरच्या आंटी पोटाकडे बघत म्हणाल्या, "बहुत छोटा दिखता है, बेटा."

"आंटी, आप अपना देखो ना!"

सासूबाईंना फार लागलं ते. मला मात्र कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. रडून रडून जे होत नव्हतं ते रागाने झालं.

"मी दुसरीकडे दाखवणार," मी नवऱ्याला सांगितलं.

"मॅडमना वाईट वाटेल."

"वाटू दे."

काशीमीऱ्याच्या एका सोनोग्राफी सेंटरला जाताना हायवेवरच्या ट्रकांमध्ये रिक्षा अडकली, तेवढा वेळही मी धुमसत होते. तिथल्या डॉक्टर बाईंनी टेबलावर झोपवायच्या आधीच विचारलं, "पहिली सोनोग्राफी आणलीत?" मग शांतपणे सगळं मोजलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "बाळ मागे पडलेलं नाही. ते वयानेच लहान आहे. त्यांनी पाळीची जुनी तारीख धरलीय. जरा बारीक आहे, पण रक्तपुरवठा छान आहे. वाढतंय."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "चला, सुटलो."

"मी विचारलं होतं. दोघांनाही विचारलं होतं. तू तिथेच बसला होतास."

तो रिक्षाला हात करायला पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही रिपोर्ट मी मॅडमच्या टेबलावर ठेवले. त्यांनी बघितले. "होतं असं कधी कधी. बाळ ठीक आहे ना? मग उगाच कशाला टेन्शन घेता?"

"घेतलं नाही मॅडम, तुम्ही दिलंत! चुकीच्या तारखेवर माझं बाळ वेळेआधी काढायला निघाला होतात!"

माझा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. नवऱ्याने दंड धरला, तो मी झटकला आणि फाईल उचलून निघाले. जिन्यात मागून एक पोटुशी बाई धापा टाकत आली. हातात तिचा रिपोर्ट होता. "दीदी, मेरेको भी छोटा बोला है. कौनसी तारीख देखने की?" पायरीवरच बसून मी तिला समजावलं. तिची तारीख बरोबर होती, म्हणजे बाळ खरंच मागे असू शकत होतं. मी तिला काशीमीऱ्याचा पत्ता दिला. तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

माझी मुलगी दुसऱ्या हॉस्पिटलात, दिवस पूर्ण भरल्यावर झाली. बारीकच, पण रडणं असं की सगळा वॉर्ड जागा. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदाच खाण्याचा विषय काढला नाही.

"आता तरी सोड तो राग," नवरा अजून म्हणतो. मी सोडलेला नाही. मॅडमच्या दाराबाहेरच्या त्या बाकांवर रोज कुणीतरी बसलेलं असतं.