पेवाचं तोंड

माझ्या धाकट्या भावाला सीना नदीच्या पुरानं नेलं, असं आमच्या गावात अजून सांगतात. ते खोटं आहे. मीच ते सांगितलं होतं, आता मीच खोडतो.

त्या वर्षी पाणी वेशीकडं सरकू लागलं, तशी घरची माणसं गुरं घेऊन माळावर गेली. वाकळा, पीठ, सरपण आम्ही माळवदावर चढवलं. उंबऱ्याशी मातीचा बांध घातला. राहिली अंगणातल्या पेवातली ज्वारी, वर्षाचं खाणं. पेवात पाणी शिरलं की दाणा कुजलाच. ती उपसायला आम्ही दोघंच मागं राहिलो.

दोन पुरुष खोल तो खड्डा बंद राहिला की आत विषारी वाफ कोंडते. तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच उतरायचं, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. आम्ही पेवाच्या तोंडावरची शिळा सरकवून लगेच कंदील सोडला. अर्ध्यावरच विझला.

भाऊ म्हणाला, "दादा, वाफ हाय. जरा जाऊ दे की."

"पाणी थांबणार हाय व्हय तुझ्यासाठी? बायकोचं लुगडं नेसून बस जा."

तो हलला नाही. त्याच्या कमरेला बांधायचा कासरा माझ्या हातात होता. त्याच कासऱ्यानं मी त्याला झोडपलं, आधी पाठीवर, मग तोंडावर. ओठ फुटला. रक्त पुसून, माझ्याकडं न बघता, कासरा न बांधताच तो उतरला. दाण्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला.

हाका मारल्या. मी मात्र उतरलो नाही. मला वाफेची भीती वाटली. विहिरीतला पोहरा काढायचा गळ आणला, वरूनच सोडून त्याच्या खांद्यात रुतवला आणि ओढला. मांस फाटत तो वर आला तेव्हा संपला होता.

शिळा परत लावली. त्याला ओढत वेशीबाहेर नेऊन पाण्यात लोटलं. माळावर सांगितलं, कुणाचं तरी अडकलेलं रेडकू सोडवायला गेला आणि वाहून गेला. तिसऱ्या दिवशी तो बाभळीत अडकलेला सापडला. खांदा बघून लोक म्हणाले, ओंडका लागला असणार.

पाणी वेशीच्या आत आलंच नाही. ज्वारी कोरडी राहिली. वर्षभर भावजय तीच दळायची. जात्यावर बसली की सीनेला शिव्या द्यायची, रांडे म्हणायची, आणि मी शेजारच्या खोलीत तिनं थापलेली भाकरी खात असायचो.