कबनूरच्या दोन ओळींसाठी थांबलेली आवृत्ती

प्रा. शामराव कांबळे सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथात असे लिहायचे नसते हे मला ठाऊक आहे, आणि संपादकांनी 'ऋणानुबंध' हा शब्द सुचवलाही होता. पण मी पेठ वडगावच्या शाळेतली गणिताची बाई. उत्तर जे आले ते लिहायचे, एवढेच मला येते.

नव्वदच्या दशकात आमच्या शाळेत संगणक आले, आणि त्यांवर 'धोटा' नावाची संगणकभाषा शिकवायची असे ठरले. ती सरांनी तयार केली होती. ते कोल्हापुरात महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत आणि उरलेल्या वेळात शाहूपुरीत एका गुळाच्या अडत दुकानावरच्या खोलीत बसून ही भाषा घडवत. मागावरचा धोटा या कडेवरून त्या कडेला जाऊन परत येतो, तसा प्रोग्रॅम फिरतो, म्हणून ते नाव. 'जर', 'नाहीतर', 'तोवर', 'दाखव' असे आपले शब्द, फक्त टाइप करायचे इंग्रजी अक्षरांत. इंग्रजीला बिचकणारी माझी मुले त्यात आठवड्याभरात रुळली. भाषा फुकट होतीच, शिवाय तिच्या आतला सगळा कोड सरांनी खुला ठेवला होता. कुणीही वाचावा, सुधारावा, पुढच्याला द्यावा. 'ओपन सोर्स' हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता. सरांना कारण विचारले तर ते म्हणत की विहीर खणायची ती सगळ्यांसाठी, तिला कुलूप लावणारी माणसे त्यांनी लहानपणी पुष्कळ पाहिली आहेत.

मग दुसरी आवृत्ती आली. आम्ही ती मोठ्या हौसेने घातली, आणि दुसऱ्याच दिवशी शाळेची तपासणी निघाली. साहेब मागे उभे, मुलांनी 'दाखव' असे टाइप केले, आणि पडद्यावर 'समजले नाही' एवढेच आले. एका मशीनवर नाही, सगळ्यांवर. नव्या आवृत्तीत 'दाखव'चे 'लिही' झाले होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मुले रडवेली झाली. मी शाळा सुटल्यावर तडक एस. टी. पकडून शाहूपुरी गाठली आणि त्या खोलीत शिरून, समोरचे गृहस्थ कोण आहेत हे नीट न विचारताच, जे बोलायचे ते बोलून घेतले.

सर उठून उभे राहिले. मला स्वतःची खुर्ची दिली. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या पोरांचं बरोबर हाय. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः वडगावला आले आणि सातवीच्या वर्गासमोर उभे राहून मुलांची माफी मागितली. प्राध्यापकाने मुलांची माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही. परत जाताना स्टँडवर चहा घेताना त्यांनी एक आठवण सांगितली. लहानपणी त्यांना पुस्तके मिळायची ती वरच्या वर्गातल्या मुलांची वापरलेली. एका वर्षी गणिताच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. गुरुजी नव्यातली उदाहरणे सांगायचे, सरांकडे जुने. पान तेच, उदाहरण वेगळे. रोज गृहपाठ चुकायचा आणि रोज बाकावर उभे राहायचे. खरे काय ते सांगायची लाज वाटायची. मोठेपणी आपल्याच हातून वडगावच्या मुलांचे तेच व्हावे, हे त्यांना फार लागले होते.

तिथून सरांची 'फेरी' सुरू झाली. पुढे त्या दुसरीच्याच दुरुस्त आवृत्त्या निघत गेल्या, आणि आमच्याकडे अशी एकेक आवृत्ती काढणे म्हणजे लग्नकार्यच असे. आधी सगळे गोठवायचे, म्हणजे नवीन काही घालायचे नाही, फक्त चुका काढायच्या. मग जी निघे तिला आम्ही 'उमेदवार' म्हणायचो. कोल्हापुरात उमेदवाराला तोटा नसतो, पण सरांचा उमेदवार दारोदार फिरल्याशिवाय निवडून येत नसे. सर स्टीलच्या जेवणाच्या डब्यात फ्लॉपी भरायचे, म्हणजे धूळ लागत नाही आणि गर्दीत वाकत नाहीत, आणि एस. टी.ने वापरणाऱ्या प्रत्येकाच्या दारी जायचे. तिथले जुने प्रोग्रॅम आधी जुन्या आवृत्तीवर चालवायचे, मग नव्या आवृत्तीवर, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायचे. सगळीकडे जुळले की मगच आवृत्ती जाहीर. ज्याने ज्याने चूक कळवली त्याचे नाव आवृत्तीसोबतच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असे. फोनच्या तारेवरून ती फाइल कुरकुरत इंटरनेटवर चढली की खालचे अडते सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. त्या गुळापायी आमच्या संगणकांना मुंग्या लागायच्या, ते वेगळे.

मी पुस्तिका लिहायला कधी लागले ते कळलेही नाही. भांडायला गेलेली माणसे सर अशीच कामाला लावायचे.

तिसऱ्या आवृत्तीचे ठरले तेव्हा मला नुकतीच मुलगी झाली होती. घरात सासूबाई आजारी, नोकरी कशीबशी चाललेली. पुस्तिकेचे काम तर सगळ्यांनी सुटले असेच धरले होते, मीसुद्धा. सरांबरोबर काम करणारे बाकीचे म्हणाले, दुसरे कुणीतरी लिहील. सर तेव्हाही डबा घेऊन आमच्या घरी आले. आमचे मामंजी बोलायला रोखठोक. ते म्हणाले, "पावणं, आता हिच्याच्यानं न्हाय व्हायचं ते. तुमी दुसरं माणूस बघा." सर शांतपणे म्हणाले, "माणूस हेच हाय. आमी थांबतो." आणि खरोखर थांबले. अर्धे वर्ष माझ्यापायी सगळे खोळंबले. त्या थांबण्यामुळे घरात माझ्या लिहिण्याला मान आला. मामंजी स्वतः नातीला खेळवत बसायचे आणि विचारायचे, "झालं का गं तुझं पुस्तक? ते मास्तर थांबल्यात." माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी काही थांबवून ठेवल्याचा तो पहिला प्रसंग. आजही त्याची आठवण झाली की डोळ्यांत पाणी येते.

पुस्तिका झाली आणि मग कबनूरची अडचण उभी राहिली.

कबनूरच्या कल्लाप्पाण्णांचे यंत्रमाग होते. सरांच्या संध्याकाळच्या वर्गात बसून, वयाच्या पन्नाशीत, ते धोटा शिकले आणि कोणत्या कापडाला किती धागे लागतील याचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला. त्यांना त्याचा कोण अभिमान! तो प्रोग्रॅम धोट्याच्या जुन्या भागाकारावर उभा होता. जुन्या धोट्यात सात भागिले दोन केले की उत्तर तीन यायचे, अपूर्णांक सरळ गळून पडायचा. शाळांना हे चालत नव्हते. मलाच चालत नव्हते, मी गणिताची बाई. म्हणून तिसऱ्या आवृत्तीत उत्तर साडेतीन येऊ लागले. सर उमेदवार घेऊन कबनूरला गेले, तर अण्णांच्या कागदावर धाग्यांच्या रकान्यात अर्धे अर्धे धागे. अण्णा कागद बघून म्हणाले, "सर, अर्धा धागा मी कुठनं आणू?"

उपाय सोपा होता. अण्णांच्या प्रोग्रॅममधल्या दोन ओळी बदलायच्या. सर बदलून द्यायला तयार होते, पण अण्णांनी हात लावू दिला नाही. मी लिहिले आहे, मीच बदलणार, म्हणाले. मग सर थांबले. आम्ही सुचवले की अण्णा जुन्या आवृत्तीवरच राहू देत. सर म्हणाले, "म्हंजे मागं ठेवायचं त्यास्नी?" दोन्ही भागाकार ठेवू म्हटले, तर शिकणाऱ्या पोराने कुठला खरा मानायचा, असा त्यांचा प्रश्न. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

महिने गेले, वर्ष गेले. पुण्या-नाशिकची मुले, कुणी परदेशातली, आमच्यासाठी फुकट कोड लिहीत होती. ती आधी पत्रांतून विचारत राहिली, मग विचारेनाशी झाली. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी जूनपर्यंत तिसरी आवृत्ती आली तर घेऊ असे कळवले होते. जून आला आणि गेला, त्यांनी दुसरी भाषा घेतली. सर दर दोन-तीन महिन्यांनी डबा घेऊन कबनूरला जायचे, अण्णा जुने मशीन चालू करून प्रोग्रॅम दाखवायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, बदलतो की. उमेदवार उमेदवारच राहिला. आमच्या शाळेतल्या मशीनवरूनही धोटा गेला. ज्या दिवशी तो पुसला त्या दिवशी मी वर्गात शिकवू शकले नाही.

मला सरांचा राग यायचा. हातातोंडाशी आलेला घास एका माणसापायी जाऊ दिला, असे मी चारचौघांत म्हणायची. आणि मग रात्री मुलीला जवळ घेतले की आठवायचे, माझ्यासाठी थांबले तेव्हा मी त्याला मोठेपणा म्हटले होते. अण्णांसाठी थांबले तेव्हा तो हट्ट कसा झाला?

सरांच्या एकसष्टीनिमित्त आठवणी गोळा करायच्या म्हणून यंदा मी कबनूरला गेले. कचेरीत नवा कोरा संगणक, त्यावर अण्णांचा मुलगा काम करत बसलेला. जुने मशीन कोपऱ्यात, कापडाखाली झाकलेले. मी सहज विचारले, प्रोग्रॅम कसा चालला आहे? अण्णांनी मुलाला चहा सांगायला बाहेर पाठवले आणि खाली बघत राहिले.

"अक्का, ती मशीन मी सर येणार असलं तरच चालू करतो," ते म्हणाले. "पोरगं शिकून आलं, त्यानं तयार पॅकेज आणलं. लई वर्सं झाली त्याला."

साल विचारले, तर आमचा उमेदवार निघाला त्याच वर्षी ते पॅकेज आणले होते. मग सांगितले का नाही, हे विचारताना माझा आवाज चढला असावा.

"कसं सांगू? एवढा मोठा माणूस यष्टीनं यायचा, डबा उघडायचा. तुमचं आता लागत न्हाय म्हणून त्यास्नी तोंडावर सांगू? आणि त्या दोन वळी बदलल्या असत्या, तर सर परत कशाला आलं असतं कबनूरला?"

मी चहा तसाच ठेवून उठले. ज्या दोन ओळींसाठी आम्ही सगळे थांबलो होतो त्यांची गरज कधीचीच संपली होती, आणि कुणाचे मन दुखू नये म्हणून सर आणि अण्णा दोघांनी मिळून ती भाषा मरू दिली होती. असले नुकसान करायला वाईट माणसे लागत नाहीत. आमच्या भागात त्यासाठी भिडस्त माणसे पुरतात.

हे सरांना न सांगता छापणे बरे नव्हते. अण्णा म्हणाले, मी येतो, पण बोला तुम्ही. आम्ही दोघे सरांच्या घरी गेलो. सरांचे गुडघे आता धरतात, हातही सावकाश चालतो. अण्णा खुर्चीच्या कडेला बसले. मी सांगितले. सरांनी मध्ये एकदाही अडवले नाही. मग अण्णांकडे वळून विचारले, "म्हंजे मधल्या काळात तुमचं काम कधी अडलं न्हाय?"

"न्हाय, सर."

"मग झालं तर." मग सर म्हणाले, "चला. आता कुणी मागं न्हाय."

मला रडू आवरेना. मागे कुणी नव्हते हे खरे, पण पुढेही कुणी नव्हते. शाळा गेल्या, मुले गेली, शाहूपुरीतली खोली गेली. सरांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांनी मला डोळे पुसू दिले आणि विचारले, पुस्तिकेतले भागाकाराचे प्रकरण अजून आहे ना जपून? म्हटले, आहे. मग तिसरी आवृत्ती काढू, म्हणाले. मात्र फेरी झाल्याशिवाय नाही. फेरीत आता एकच गाव उरले होते, कबनूर.

अण्णा हात जोडून म्हणाले, "ह्या टायमाला खरंच बदलतो, सर. फकस्त हात लावू नका."

सर म्हणाले, "न्हाय लावत."

हा लेख छापायला जाईपर्यंत अण्णांची एक ओळ बदलून झाली आहे, दुसरी अडली आहे. सर कबनूरला जाऊन शेजारी बसतात आणि शब्द राखून हात मागे ठेवतात. शाहूपुरीतल्या अडत्यांनी गूळ काढून ठेवल्याचा निरोप दिला आहे. जाहीर करण्याची शेवटची कळ सरांनीच दाबायची, असे आम्ही उरलेल्यांनी ठरवले आहे. ती आवृत्ती कुणी उतरवून घेईल की नाही, मला माहीत नाही. सरांचे गुडघे बरे राहोत, नजर टिको, आणि चौथी आवृत्ती मनात यावी एवढे मोठे आणि निरोगी आयुष्य त्यांना मिळो. घाई कसलीच नाही. सर आमच्यासाठी पुष्कळ थांबले, आता थांबायची पाळी आमची आहे.