नोटिशीचा महिना

धाकू गोताडला गावी जायची घाई होती, तरी तो महिनाभर थांबला.

देवरुखजवळच्या गावात त्याची थोरली बहीण शेवंती न्हाणीत घसरून पडली. पायाला प्लास्टर, महिनाभर पाय टेकवायचा नाही. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, तांब्याभर पाणी द्यायलाही शेजारीण यायची. तिने धाकूला फोन करून बोलावलं. आजवर तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आणि धाकूचं तरी आंबिवलीच्या खोलीत कोण होतं? लग्न राहूनच गेलेलं, जुनी कंपनी बंद पडलेली. वागळे इस्टेटमधल्या नव्या कारखान्यात तो नुकताच लागला होता, तोही प्रोबेशनवर.

पण जुन्या कंपनीचा रिवाज अंगात मुरलेला. सोडायचं तर महिना आधी सांगायचं. त्या महिन्यात तिथे जाणाऱ्याचे लाड व्हायचे. रोज कुणीतरी आपल्या डब्यातलं सुकट वाढायचं, फोरमन ओरडायचा नाही, शेवटच्या दिवशी माणसाला नारळ आणि त्याच्या मशीनला हार. धाकूने कितीजणांच्या मशीनला हार घातले होते. त्याची पाळी यायच्या आतच कंपनीला टाळं लागलं आणि सगळे गेटवरूनच पांगले.

म्हणून त्याने राजीनाम्यात स्वतःच एक महिन्याची नोटीस लिहून टाकली. कुणाला विचारलं नाही. बहिणीला सांगितलं, आक्का, कायदा आहे, असं उठून येता येत नाही. ती बरं म्हणाली.

महिनाभर त्याला कुणी ढुंकून विचारलं नाही. पोरं कानात इअरफोन घालून जेवायची, सुपरवायझर त्याला 'ओ मामा' म्हणायचा, नाव माहीतच नव्हतं. धाकू रोज सुटायच्या आधी मशीन लख्ख पुसून ठेवायचा. वेडाच तो, हाराची वाट बघत होता. शेवटच्या दिवशी त्यानेच पेढे नेले. कुणाचा वाढदिवस, असं विचारत पोरांनी ते संपवले.

ऑफिसात हिशेबावर सही घेताना तिथली मुलगी सहज म्हणाली, "काका, तुम्ही प्रोबेशनवर होता. तुमच्या लेटरमध्येच आहे, प्रोबेशनमध्ये नोटीस लागत नाही."

"म्हणजे त्याच दिवशी जाता आलं असतं?"

"हो. तुम्ही महिना लिहिलात, मला वाटलं तुम्हालाच थांबायचंय."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. धाकूला राग आला तो स्वतःचाच, कारण ती म्हणाली ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तो गावी पोहोचला तेव्हा शेवंती काठी टेकत दारात आली. प्लास्टर निघालं होतं. तिनेच चुलीवर चहा ठेवला. तो उठू लागला तर म्हणाली, "बस तू. आता जमतं मला."

कायद्याचं खोटं तसंच रेटता आलं असतं, पण धाकूला ते जमेना. त्याने सगळं सांगितलं. शेवंती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटलं. तिने चहा गाळला, कप त्याच्यापुढे सरकवला आणि विचारलं, "मग महिनाभर थांबलास कुणासाठी?"

धाकू त्या कारखान्यातल्या एखाद्या तरी माणसाचं नाव आठवत राहिला. कपातला चहा निवला.