न लिहिलेलं तिरुवैयारु

वेंकटराव रोज सकाळी कॉफी झाली की पेन्सिल तासत. कालची बोथट झालेली नसे, तरी तासत. मलायातल्या रबराच्या मळ्यावर हेडक्लार्क राजगोपाल यांनी लावलेली ती सवय. मग कादंबरीची वही उघडून ते दुपारपर्यंत तिच्यापुढे बसून राहत.

त्र्याण्णव साली, एम.ए. करताना, मी त्यांच्याकडे मोडी लिपी शिकायला जाई. तंजावूरच्या राजवाड्यामागे आमच्या गल्लीत ती वाचणारे ते एकटेच उरले होते. बदल्यात मी त्यांची मोडीतली कादंबरी देवनागरीत उतरवत होते.

कादंबरी मलायातली, युद्धाच्या दिवसांतली. एकोणीस वर्षांचा कारकून, आपल्यासारख्याच तंजावूरकडच्या मराठी राजगोपालांकडून टायपिंग शिकतो, मोडी शिकतो, त्यांच्याच घरी जेवतो. जपानी येतात. मुलगा जपान्यांच्या बाजूनं इंग्रजांशी लढणाऱ्या स्वातंत्र्यसेनेत नाव घालतो. राजगोपाल मात्र चोरून इंग्रजांचा रेडिओ ऐकतात, बातम्या मोडीत टिपून ठेवतात. एक कागद सापडतो. तो वाचू शकेल असा मळ्यावर दुसरा एकच माणूस. जपानी अधिकारी कागद त्याच्यापुढे धरतो. मुलगा म्हणतो, "रसमची कृती आहे." राजगोपाल सुटतात.

पुढचं प्रकरण त्यांच्या परतण्याचं, तिरुवैयारुला, बायकोकडे. ते सहा वर्षं कोरं होतं.

"मामा, मुलगा धीराचा हं तुमचा," मी एकदा म्हणाले. "रसम तर झकासच."

ते हसले नाहीत.

"खरं तर तो कागद मी वाचून दाखवला गे. शब्दन् शब्द. सेनेची शपथ घेतली होती. एका शब्दावर अडलो, तर सवयीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सांगितला."

"कोणी? राजगोपालांनी?"

"हो. शिकवताना सांगत तसाच, हळू."

राजगोपालांना जपान्यांनी नेलं ते नेलंच. तिरुवैयारुला त्यांची बायको चंद्रमती पुढची तीस वर्षं कुंकू लावत राहिली. वेंकटराव सेहेचाळीस साली परतले. बसनं अर्ध्या तासाचा रस्ता, पण तिच्या गल्लीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. घराचं दार कुठल्या बाजूला आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. प्रकरण तिथंच अडलं होतं.

"मग मी काय उतरवू?" मी विचारलं.

"रसमच लिही."

मी रसमच लिहिलं. सगळं कळून लिहिलं.

"एकदा जाऊ या, मामा. घर तरी बघून येऊ," असं मी दर आठवड्याला म्हणे. "जाऊ," ते म्हणत, आणि पेन्सिल तासायला घेत.

मार्चमध्ये त्यांनी अंथरूण धरलं. पेन्सिल तशीच पडून राहू लागली. एका संध्याकाळी मी म्हणाले, "उद्या टॅक्सी सांगते. तुम्ही उतरू नका, आतूनच बघा." ते उशाजवळच्या वहीकडे बघत राहिले. कोरी पानं फडफडत होती. दुसऱ्या दिवशी टॅक्सी आली तेव्हा ते वारलेले होते. आदल्या संध्याकाळी मला एवढंच म्हणाले होते,

"पंखा बंद कर गे, कागद उडताहेत."