कंट्रोलरची थरथर

श्रीधरकडे एक जुना गेम कन्सोल आहे. चेंडूचा टप्पा पडला की त्याचा कंट्रोलर हातात थरथरतो आणि चौकार बसला की अक्षरशः नाचतो. रक्तातल्या साखरेने श्रीधरची नजर नेली, तेव्हापासून तो या थरथरीवरच फलंदाजी करतो आणि मी, चांगला डोळस माणूस, दर रविवारी त्याच्याकडून हरतो.

नव्या कन्सोलवर म्हणे खेळाडूचा घामसुद्धा दिसतो. दिसो बापडा! चित्राचं कौतुक पुढचं चित्र येईपर्यंत. यंत्रावर माया जडते ती तळहातातून.

काल मात्र श्रीधर लागोपाठ त्रिफळाचीत होत होता. टीव्हीतल्या गर्दीच्या वरताण मी ओरडलो, "काय महाराज, बॅट घरी विसरलात?"

"गप रे सोंगाड्या. कंट्रोलर थरथरतच नाहीये. मोटर गेली वाटतं, बघ."

त्याने तो माझ्या हातात दिला. पुढचा चेंडू पडला आणि माझ्या तळहाताला मुंग्या आल्या. मोटर ठणठणीत होती.

शेजारी बसलेल्या श्रीधरच्या बायकोने, वहिनींनी, माझ्याकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात गरम चहाने श्रीधरच्या बोटावर फोड आला होता. तो वहिनींना दिसला, तोवर याला चटका बसल्याचा पत्ताच नव्हता.

"गेलीच की रे मोटर," मी म्हणालो.

"मग दुरुस्तीला टाक. रविवारपर्यंत होईल ना?"

पडद्यावर त्याचा फलंदाज पुन्हा बाद झाला. थरथरता कंट्रोलर मी घट्ट धरला आणि म्हणालो, "होईल."