तू मनात वाच

राग मला आधी केतन सरांचा येतो, आणि मग स्वतःचा.

नेरूळला आमचा जर्मनचा क्लास. "मोठ्यानं वाचल्याशिवाय जीभ वळत नाही," हे सरांचं रोजचं पालुपद. म्हणून प्रत्येकाने एकेक परिच्छेद उभं राहून वाचायचा. रंजिताची पाळी आली की मात्र यांना नेमकं घड्याळ दिसायचं. "तू मनात वाच, वेळ नाहीये."

रंजिता जवळच्याच शिरवणे गावची, आगरी घरातली. सहा वर्षं नर्स. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात तिची जागा ठरली होती, भाषेची परीक्षा तेवढी बाकी होती. परीक्षेला कुणाला बसवायचं, ते सर वाचून घेऊन ठरवणार. पहिल्याच दिवशी ती वाचायला उभी राहिली, आगरी हेल लागला, आणि सर म्हणाले, "हे जर्मन आहे की मासळी बाजार?" वर्ग हसला. मीही दात काढले. ते तेव्हाच पडले असते तर बरं झालं असतं.

दोन महिने तिला तोंड उघडू दिलं नाही. पोहायला शिकवतो म्हणायचं आणि पाण्यात उतरू द्यायचं नाही, अशी ही शिकवणी!

एकदा नोट्स आणायला तिच्या घरी गेले. तिची आत्या पुतळाबाई कोलंबी सोलत बसली होती. पुतळाबाई धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी लावणारी. अक्षराची ओळख नाही, पण शेकडो ओळी पाठ. जुनी बाई ओळ धरते, नवी तशीच्या तशी उचलते, चुकली की पुन्हा. तीच रीत तिने भाचीला लावली होती. मोबाइलवर पुस्तकाचं रेकॉर्डिंग. त्यातली बाई एक वाक्य म्हणायची, रंजिता पुस्तकात बघून तेच मोठ्याने वाचायची, आत्या कान देऊन ऐकायची.

"नाय गो. ती बाय इथं दम नाय सोरत. परत बोल."

कोलंबी संपली, तरी ते एक वाक्य चालूच होतं.

निवडीच्या दिवशी सरांनी सगळ्यांना वाचायला लावलं आणि तिला गाळून वही मिटायला घेतली. ती आपणहून उठली. "सर, मी राहिलेय." आणि अख्खं पान वाचलं. अडखळली नाही, भलतीकडे दम सोडला नाही. सरांनी निमूटपणे तिचं नाव लिहिलं. वर विचारतात कसे, "ट्यूशन कुठे लावलीस?"

"आत्याकडं. तिला वाचता येत नाय."

मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण कोणत्या तोंडाने वाजवणार? सर ओशाळं हसले. "पुढचंही वाच. हे सगळे तुझ्यामागून म्हणतील."

रंजिताने सरांकडे पाहिलं, मग आमच्या बाकांकडे. पुस्तक मिटलं.

"नाय सर. तुमी सगले मनात वाचा."